पाच दिवस न हटणारा ताप, लालभडक डोळे, फुटलेले ओठ : लहान मुलांमधला कावासाकी (रक्तवाहिन्यांना सूज आणणारा आजार). अनुभव आणि माहिती हवी आहे

माणदेशी_आई

नमस्कार मंडळी. आम्ही विट्याजवळ राहतो. माझा मुलगा अडीच वर्षांचा आहे. गणपतीच्या आधी त्याला ताप भरला. १०३, १०४. औषध दिलं की तासभर उतरायचा, पुन्हा अंग तापायचं. व्हायरल असेल म्हणून थांबलो, मग डेंग्यूची तपासणी झाली (नव्हता), मग घसा लाल दिसतोय म्हणून अँटिबायोटिक सुरू झालं. चौथ्या दिवशी छाती-पाठीवर पुरळ उठलं. डोळे असे लाल की बघवत नव्हतं, पण चिपडं नाहीत, पाणी नाही. ओठ फुटून रक्त यायला लागलं. घोटभर पाणी प्यायला तरी किंचाळायचा. आणि चिरचिर तर विचारू नका. कडेवर घेतलं तरी रडायचा, खाली ठेवलं तरी रडायचा.

सहाव्या दिवशी सांगलीला बालरोगतज्ज्ञांकडे नेलं. त्यांनी जीभ बघितली, मान चाचपली, तळहात दाबून बघितले आणि मग शर्ट काढून डावा दंड उजेडात धरला. जन्मल्यावर दिलेल्या बीसीजीच्या लसीचा व्रण लालबुंद होऊन फुगला होता. आंघोळ घालताना मला वाटलं होतं की काहीतरी चावलं असेल. डॉक्टर म्हणाले, "आज घरी जायचं नाही. कावासाकी वाटतोय. हृदयाचा इको, म्हणजे सोनोग्राफी, आजच करू."

त्याच रात्री आयव्हीआयजीचं (रक्तदात्यांच्या प्लाझ्मातल्या प्रतिद्रव्यांचं) सलाईन लागलं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पोरगं ताप नसताना झोपलं आणि उठल्यावर स्वतःहून वरण-भात मागितला. इकोमध्ये डावी कोरोनरी (हृदयाला रक्त पुरवणारी धमनी) किंचित रुंद दिसली, फुगा नाही. आता घरी आलोय, अ‍ॅस्पिरिन चालू आहे.

माझे प्रश्न असे. गोळी किती दिवस चालते? त्याच्या गोवर-रुबेलाच्या लसीचं काय करायचं? घरात पाच महिन्यांची धाकटी आहे, तिला लागण होईल का? आणि हा पुढे इतर मुलांसारखा पळेल-खेळेल ना?

आमच्या गावात हे नाव कुणीच ऐकलेलं नाही. ज्यांच्या घरात होऊन गेलंय त्यांनी कृपया सविस्तर लिहा. पुढच्या एखाद्या आईला पाचव्या दिवशी हे नाव आठवलं पाहिजे, एवढ्यासाठी धागा काढलाय.

कृष्णाकाठ

ताई, पोरगं सुखरूप घरी आलं हे वाचून बरं वाटलं. धागा वाचनखुणेत ठेवतोय.

शिराळकर_काका

पोरी, तुझी धावपळ वाचली. पण एक विचारतो. ताप, अंगावर पुरळ, डोळे लाल. आमच्या वेळी याला गोवरच म्हणायचे. दाराला कडुनिंबाचा डहाळा बांधायचे, अंथरुणात पाला घालायचे, पोराला अंधाऱ्या खोलीत ठेवायचे. आठ-दहा दिवसांत उतरायचा. आता एवढ्या महागड्या सलाईनी लावायची गरज असते का? डॉक्टर मंडळींनी सांगावं, मी शिकायला तयार आहे.

वारणाकाठचा_डॉक्टर

काका, बरं झालं तुम्ही हे विचारलं. गावात बहुतेकांच्या मनात हेच असतं. मी बालरोगतज्ज्ञ आहे, वाळवा तालुक्यात प्रॅक्टिस करतो.

गोवरात नाक वाहतं, खोकला असतो, डोळ्यांतून पाणी येतं आणि पुरळ कानामागून, चेहऱ्यावरून खाली उतरतं. कावासाकीत नाक-खोकला सहसा नसतो. डोळ्यांचा पांढरा भाग लाल होतो पण बुबुळाभोवती एक फिकट कडा राहते, घाण येत नाही. ओठ लाल होऊन चिरतात. जीभ लाल आणि दाणेदार होते. तळहात-तळपाय सुजतात, लाल होतात, मूल पाय टेकायला तयार नसतं. मानेत एका बाजूला दीड सेंटिमीटरपेक्षा मोठी गाठ लागू शकते. अंगावर पुरळ असतं, पण त्याला पाणी धरत नाही. पाच दिवस ताप आणि डोळे, तोंड, हातपाय, पुरळ, गाठ या पाचांपैकी चार गोष्टी, असं निदानाचं माप आहे. रक्ताची अशी एकही तपासणी नाही की जिच्यावर "कावासाकी पॉझिटिव्ह" लिहून येईल.

गोवर कधीकधी मेंदूवर, फुप्फुसावर जातो, म्हणून तोही हलका नाही. पण कावासाकीची गोष्ट वेगळी आहे. ताप आपोआप दहा-बारा दिवसांत उतरतो, मूल खायला-खेळायला लागतं आणि घरच्यांना वाटतं संपलं. तोवर हृदयाला रक्त पुरवणाऱ्या कोरोनरी धमन्यांच्या भिंतीला सूज येऊन गेलेली असते. उपचार झाला नाही तर साधारण चारातल्या एका मुलाच्या धमनीत फुगा तयार होतो. दहा दिवसांच्या आत आयव्हीआयजी दिलं तर हेच प्रमाण शंभरात चार-पाचांवर येतं. काका, त्या महागड्या सलाईनचं काम हे आहे. ताप उतरवणं त्यातला लहान भाग.

टोमिसाकु कावासाकी या जपानी बालरोगतज्ज्ञांनी १९६१ साली टोकियोत असं पहिलं मूल पाहिलं आणि पुढे अशी ५० मुलं गोळा करून १९६७ साली लिहिलं. सुरुवातीला त्यांच्यावरही कुणी फारसा विश्वास ठेवला नव्हता. कारण अजून नक्की सापडलेलं नाही. बहुधा एखाद्या संसर्गाचं निमित्त होतं आणि काही मुलांची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच रक्तवाहिन्यांवर उलटते. म्हणून माणदेशी_आई, धाकटीला त्याच्याजवळ बिनधास्त झोपवा. हा एकाकडून दुसऱ्याला लागत नाही. भावंडांत इतरांपेक्षा जास्त दिसतो, पण तोही क्वचितच. तिला ताप आला तर लवकर दाखवा, एवढं पुरे.

शिराळकर_काका

समजलं डॉक्टर. माझ्या नातवाच्या आईला हे वाचायला पाठवतो.

पाचगणीची_स्ट्रॉबेरी

माझं नाव बघून हसू नका, पण या धाग्यात मला बोललंच पाहिजे! भाचीला झालं होतं तेव्हा डॉक्टरांनी "स्ट्रॉबेरी टंग" म्हटलं आणि आमच्या घरात कुणालाच समजावून सांगावं लागलं नाही. भिलारच्या शेतातली पिकलेली स्ट्रॉबेरी हातात घेऊन बघा, लाल गरावर बिया टोचून बसलेल्या असतात ना, हुबेहूब तशी जीभ. आधी पांढरट थर होता, तो गेल्यावर दिसली.

वारणाकाठचा_डॉक्टर

जीभ तशी स्कार्लेट फीव्हरमध्येही होते, त्यामुळे एकट्या जिभेवरून ठरवू नका. बाकी वर्णन अगदी बरोबर!

सातारारोड

डॉक्टरसाहेब, माहिती चांगली दिलीत. पण आता माझंही ऐका.

माझ्या बहिणीचा मुलगा, अकरा महिन्यांचा. तीन ठिकाणी दाखवला. प्रत्येकाने आधीचं अँटिबायोटिक बंद करून आपलं सुरू केलं. पुरळ आलं तर म्हणाले औषधाची अ‍ॅलर्जी. ओठ फुटले तर म्हणाले उष्णता, व्हिटॅमिन कमी. डोळे लाल तर वेगळे ड्रॉप. एकाही ठिकाणी कुणी पाच मिनिटं बसून हे सगळं एका रेषेत मांडलं नाही. दुसऱ्या आठवड्यात ताप गेला, सगळ्यांनी सुटकेचा श्वास टाकला. मग बोटांची कातडी निघायला लागली. नखाच्या खालच्या कडेपासून पापुद्रा सुटायचा आणि बोटाच्या पेरापर्यंत सोलून यायचा, खाली नवी गुलाबी कातडी. ती दाखवायला म्हणून नेलं तेव्हा कुठे एकाने इको सांगितला. फुगा निघाला.

बहीण अजून विचारते, "एवढे डॉक्टर केले, एकालाही कसं कळलं नाही?" मी काय सांगू तिला? "आधीच्या डॉक्टरांना दोष देऊ नका" एवढंच आम्हाला सगळीकडे ऐकायला मिळालं.

मिरजेची_सिस्टर

दादा, वाचून पोटात तुटलं. बाळाची आता तब्येत कशी आहे?

सातारारोड

ठीक आहे. अ‍ॅस्पिरिनसोबत रक्त पातळ करणारं दुसरं औषधही चालू आहे. दर काही महिन्यांनी इको. मागच्या वेळी फुगा आधीपेक्षा लहान झालाय म्हणाले.

वारणाकाठचा_डॉक्टर

सातारारोड, तुमचा राग योग्य आहे. दोन गोष्टी सांगतो, त्या कुणाची बाजू घेण्यासाठी नाहीत.

पहिल्या तीन दिवसांत कावासाकी सहसा ओळखता येत नाही, कारण तोवर बहुधा फक्त ताप असतो. लक्षणं एकदम येत नाहीत. आज पुरळ दिसतं, उद्या मावळतं, परवा डोळे लाल होतात. प्रत्येक डॉक्टर त्या दिवशी समोर असलेलं तेवढंच पाहतो. डॉक्टर बदलत राहिलं की सगळं चित्र फक्त आईकडे असतं. म्हणून मी माझ्याकडच्या पालकांना सांगतो, मोबाईलवर रोज फोटो काढा. डोळे, ओठ, जीभ, अंग, तळहात, बीसीजीची जागा. फोटोवर तारीख आपोआप येते. मावळलेलं पुरळही निदानात धरलं जातं, फक्त ते होतं हे कळायला हवं.

दुसरी गोष्ट आम्हा डॉक्टरांसाठी. वर्षाच्या आतल्या बाळांत, त्यातही सहा महिन्यांच्या आतल्यांत, हा आजार बरेचदा अर्धवट रूपात येतो. दोनच लक्षणं असतात, कधी नुसता ताप आणि चिरचिर. आणि नेमका याच वयात कोरोनरीला धोका जास्त. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाचा ताप कारण सापडल्याशिवाय आठवडाभर टिकला तर लक्षणं मोजत बसायचं नाही, सीआरपी, ईएसआर (शरीरातली सूज दाखवणाऱ्या रक्ततपासण्या) आणि इको करायचे. तुमच्या भाच्याच्या बाबतीत पाचव्या-सहाव्या दिवशी हा विचार व्हायला हवा होता. तो झाला नाही, हे मी मान्य करतो.

सातारारोड

धन्यवाद डॉक्टर. हे सरळ शब्दांत आम्हाला आजवर कुणी सांगितलं नव्हतं. बहिणीला दाखवतो.

मिरजेची_सिस्टर

मी बालविभागात काम करते, आयव्हीआयजीबद्दल थोडं लिहिते कारण नातेवाईक रात्रभर घाबरलेले असतात.

किलोमागे दोन ग्रॅम असा डोस, एकदाच, दहा-बारा तास हळूहळू. बारा किलोच्या मुलाला २४ ग्रॅम, म्हणजे ५ ग्रॅमच्या पाच बाटल्या. बाटली फ्रिजमधून काढून आधी खोलीच्या तापमानाला येऊ देतो. हलवायची नसते, फेस येतो. मेडिकलमधून आणणाऱ्या मामा-काकांनी पिशवीत घालून गाडीवर खडखडत आणू नका, बर्फाच्या डब्यात नीट आणा. सुरुवातीला पंप अगदी संथ ठेवतो. त्या वेळी आम्ही सारखे बीपी, नाडी, ताप बघायला येतो, तेव्हा "सिस्टर, काय झालं?" म्हणून दचकू नका. थंडी वाजली, अंगावर गांधी उठल्या, धाप लागली तर लगेच हाक मारा. वेग कमी केला की बहुतेकांचं निभावतं. बाटलीवरचं स्टिकर फाईलला लावून घ्या, पुढे लागतं.

सलाईन संपल्यावर ३६ तासांनंतरही ताप राहिला किंवा परत आला तर त्याला हट्टी कावासाकी समजतात. दहातल्या एक-दोन मुलांत असं होतं. मग पुन्हा आयव्हीआयजी, स्टिरॉइड किंवा इन्फ्लिक्सिमॅब (सूज दाबणारं इंजेक्शन) देतात. ते ऐकून धीर सोडू नका, त्यातूनही मुलं बरी होताना मी पाहते.

हळद_पेठ

सांगलीकर इथे हजर. खर्चाचं कुणीच बोललं नाही. एकेक बाटली हजारोंची असते, पाच-सहा बाटल्या म्हणजे द्राक्षाच्या औषधफवारणीचा हंगाम निघतो. माझ्या पुतणीच्या वेळी वहिनीचे दागिने गहाण पडले. मिरजेचं शासकीय रुग्णालय, सांगलीचं सिव्हिल अशा ठिकाणी चौकशी आधी करावी. महात्मा फुले जनआरोग्य योजना जिथे चालते तिथे आरोग्यमित्राचा टेबल असतो, दाखल होतानाच रेशनकार्ड आणि आधार घेऊन त्याला भेटा, हा आजार कशात बसतो ते तोच सांगेल. बिल झाल्यावर धावून उपयोग नसतो.

आणि एक. हे औषध हजारो रक्तदात्यांच्या प्लाझ्मापासून बनतं हे मला तेव्हा कळलं. तेव्हापासून मंडळाच्या शिबिरात मी रक्त देतोच.

कृष्णाकाठ

+१. पुढच्या शिबिराला मीही.

कराडची_लेक

थोडं अवांतर, पण जवळचंच. माझ्या सहा वर्षांच्या मुलीला सर्दी-खोकला होऊन गेला आणि पंधरवड्यात दोन्ही पायांवर, कुल्ल्यांवर जांभळट लाल ठिपके उठले. हाताला उंचवटे लागायचे, काच दाबली तरी फिके पडत नव्हते. घोटे सुजले, मग पोटात अशी कळ यायची की वाकून बसायची. आम्हाला वाटलं प्लेटलेट कमी झाल्या, पण त्या व्यवस्थित होत्या. निदान निघालं एचएसपी, हल्ली आयजीए व्हॅस्क्युलायटिस म्हणतात. हाही रक्तवाहिन्यांच्याच सुजेचा, पण बारीक वाहिन्यांचा. ठिपके गेल्यावर विषय संपला असं समजू नका, किडनीवर परिणाम उशिरा दिसू शकतो. आम्हाला सहा महिने लघवी आणि बीपी तपासत राहायला सांगितलंय. शाळेतून आली की डबीत सॅम्पल आणि मग खेळायला, असा आमचा नेम झालाय.

वारणाकाठचा_डॉक्टर

मुळीच अवांतर नाही. सहा महिने लघवी तपासणं हाच त्यातला महत्त्वाचा भाग आहे आणि तोच सगळ्यांकडून राहतो. पोटदुखीसोबत शौचातून रक्त आलं तर मात्र थेट रुग्णालय.

अजिंक्यतारा

मी आजवर कुठेच लिहिलं नाही, पण माणदेशी_आईंचा शेवटचा प्रश्न वाचून लिहितो.

मला तिसऱ्या वर्षी झाला होता. निदान उशिरा, कोरोनरीत मोठा फुगा राहिला. आता कॉलेज संपवून नोकरी करतो. रोज अ‍ॅस्पिरिन आणि वॉरफेरिन (रक्त पातळ करणारं औषध), ठरावीक काळाने आयएनआर, म्हणजे रक्त किती पातळ आहे त्याची तपासणी. मेथी-पालक बंद नाही, पण एक आठवडा पातीलं भरून आणि दुसऱ्या आठवड्यात काहीच नाही असं चालत नाही, कारण त्याने रक्ताचं गणित बिघडतं. कबड्डी, कुस्ती नाही, मार लागला तर रक्त थांबायला वेळ लागतो. किल्ला चढतो, डॉक्टरांना विचारूनच. शाळेत पीटीच्या तासाला मला बाकावर बसवायचे याचं वाईट वाटायचं, आईने शाळेत जाऊन डॉक्टरांची चिठ्ठी दाखवली की काय चालेल आणि काय नाही. तेव्हा मला अंपायर केलं!

ताई, तुमच्या मुलाला वेळेत औषध मिळालंय. किंचित रुंद झालेली धमनी बहुतेक वेळा काही आठवड्यांत पूर्ववत होते असं माझे डॉक्टर सांगतात. माझ्यासारखं त्याचं होईल या भीतीने त्याला बसवून ठेवू नका.

माणदेशी_आई

अजिंक्यतारा, तुझा प्रतिसाद मी आणि ह्यांनी दोनदा वाचला. खूप बळ मिळालं. तुझ्या आईला माझा नमस्कार सांग.

मिरजेची_सिस्टर, तुम्ही सांगितलेलं स्टिकर फाईलमध्ये होतं, सापडलं. डॉक्टर, लसीचं आणि गोळीचं तेवढं सांगाल का?

वारणाकाठचा_डॉक्टर

माफ करा, ते राहिलंच.

गोळी : ताप पूर्ण जाऊन दोन-तीन दिवस झाले की अ‍ॅस्पिरिनची मात्रा किलोमागे ३ ते ५ मिलिग्रॅमवर आणतात. बारा किलोच्या मुलाला ७५ ची अर्धी गोळी, पाण्यात विरघळवून, जेवणानंतर. ती साधारण सहा ते आठ आठवडे. त्याच सुमाराचा इको नॉर्मल आला तर बंद. फुगा असेल तर चालू राहते. तुमच्या डॉक्टरांनी लिहिलेलं प्रमाण अंतिम, इथे वाचून बदलू नका. या काळात तापाला आयबुप्रोफेन देऊ नका, ते अ‍ॅस्पिरिनचं काम बिघडवतं. आजूबाजूला कांजिण्या किंवा फ्लू आला, किंवा मुलाला तसा ताप वाटला, तर त्याच दिवशी फोन करा. अ‍ॅस्पिरिनवर असताना या दोन आजारांत यकृत आणि मेंदूला इजा करणारा रे सिंड्रोम क्वचित होतो. फ्लूची इंजेक्शनची लस मुलाला आणि घरच्यांनाही घेतलेली बरी.

लस : आयव्हीआयजीमध्ये तयार प्रतिद्रव्यं असतात, ती गोवर-रुबेला आणि कांजिण्यांच्या जिवंत लशीला लागूच देत नाहीत. त्यामुळे या लशी ११ महिने पुढे. बाकीच्या वेळेवर. अंगणवाडीतल्या ताईंना कार्डावर आयव्हीआयजीची तारीख लिहून दाखवा, नाहीतर मोहिमेत दिली जाते आणि फुकट जाते.

पुन्हा होण्याचं प्रमाण फार कमी, जपानमध्ये शंभरात सुमारे तीन. पण पुन्हा पाच दिवस ताप टिकला तर नव्या डॉक्टरांना पहिलं वाक्य हेच सांगा की आधी कावासाकी होऊन गेलाय.

जतची_पूनम

पहिल्यांदाच लिहितेय, चुकलं तर सांभाळून घ्या. माझी मुलगी सात महिन्यांची. आज तापाचा सहावा दिवस. डोळे थोडे लाल वाटतात, अंगावर काही नाही, ओठ ठीक. दूध कमी पिते आणि खूप रडते. इथल्या दवाखान्यात सांगितलं दात येतायत. धागा वाचून हातपाय गळाले. काय करू?

मिरजेची_सिस्टर

पूनम, दात येताना सहा दिवस ताप राहत नाही. उद्याची वाट बघू नकोस, आजच बालरोगतज्ज्ञ आणि इको दोन्ही असतील तिथे जा. मिरजेला आलात तर मला विपू (विचारपूस, म्हणजे इथला निरोप) कर.

वारणाकाठचा_डॉक्टर

लगेच निघा. कावासाकीच असेल असं नाही, पण सात महिन्यांच्या बाळाचा सहा दिवसांचा ताप घरी बसून बघायचा नसतो. रक्त, सीआरपी, लघवीची तपासणी आणि कल्चर (जंतू उगवतात का ते बघणं). कल्चर मुद्दाम सांगतो, कारण कावासाकीतही लघवीत पू पेशी दिसतात, मात्र जंतू उगवत नाहीत. नुसत्या पू पेशी बघून कुणी "लघवीचं इन्फेक्शन" म्हणालं तर कल्चर पाठवलंय का ते नम्रपणे विचारा. आधी दिलेल्या औषधांच्या बाटल्या सोबत न्या.

हळद_पेठ

पूनमताई, आधार आणि रेशनकार्ड विसरू नका. गाडीची अडचण असेल तर सांगा, कवठेमहांकाळला माझा मावसभाऊ आहे.

माणदेशी_आई

पूनम, पोचलीस की कळव ग.

जतची_पूनम

सगळ्यांना नमस्कार. त्याच रात्री दाखल केलं. लघवीत पू पेशी निघाल्या, मी कल्चरचं विचारलं तर डॉक्टर म्हणाले पाठवलंय. आज रिपोर्ट आला, ई. कोलाय उगवलाय. इंजेक्शन सुरू झाल्यावर दुसऱ्या दिवशी ताप उतरला. डोळेही आता स्वच्छ. इको केला होता, नॉर्मल आहे. दूध प्यायला लागली. सिस्टर वॉर्डात येऊन भेटून गेल्या, डबाही घेऊन आल्या होत्या.

वारणाकाठचा_डॉक्टर

छान झालं. इंजेक्शनचा कोर्स अर्ध्यात सोडू नका. आणि या वयात लघवीचं इन्फेक्शन झालं तर किडनी-मूत्राशयाची सोनोग्राफी करून घ्यावी लागते, डिस्चार्जआधी तेवढं विचारून घ्या.

जतची_पूनम

सोनोग्राफी उद्या सकाळी आहे. रिपोर्ट आला की इथेच टाकते.